इंजिनकाम झालं, तरी ऑइलचा लाल दिवा का पेटतो?

या महिन्याची पत्रं वेगवेगळ्या गावांहून आली आहेत, पण बोट सगळ्यांचं एकाच ठिकाणी आहे: डॅशबोर्डवरची ती लाल किटली. म्हणून नेहमीची सरमिसळ न करता हे पानच ऑइल प्रेशरला दिलं आहे. आकडे गॅरेजमध्ये बोलतात त्या किलोत आहेत, म्हणजे चौरस सेंटिमीटरला किलो. १ किलो म्हणजे साधारण १४ पीएसआय.

प्रश्न: मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. बोर करून नवे पिस्टन टाकले, क्रँक ०.२५ ला ग्राइंड केली, बेअरिंग नवी. ऑइल पंप मात्र जुनाच ठेवला. ७०० किलोमीटर झाले. सकाळी सगळं ठीक असतं, पण जळगावला पोचून सिग्नलला उभं राहिलं की दिवा लुकलुकतो, रेस दिली की जातो. आमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर ‘गाडी तापनी का दिवा पेटस’. एक मिस्त्री पंप बदला म्हणतो, दुसरा इंजिन परत उतरवा म्हणतो. कोणाचं ऐकू?
— वाहनमालक, जामनेर

तूर्त दोघांचंही नको, कारण प्रेशर दोघांनीही मोजलेलं नाही. दिव्यामागचा स्विच प्रेशर साधारण ०.३ ते ०.५ किलोच्या खाली गेलं की दिवा लावतो. त्यापलीकडे त्याला काही कळत नाही. ०.६ किलोला दिवा विझलेलाच असतो आणि ४ किलोलाही विझलेलाच.

पहिलं काम म्हणजे इंजिनावरचा हा स्विच काढून त्याच्या जागी ० ते ७ किलोचा साधा मेकॅनिकल गेज लावणं. इथे एक गोष्ट जपायची. जपानी घराण्याच्या इंजिनांत या भोकाचे आटे बहुधा १/८ बीएसपी टेपर असतात, इंचाला २८. बाजारात मिळणाऱ्या गेजसोबत कधी १/८ एनपीटीचं अडॅप्टर येतं, त्याचे इंचाला २७. ते दोन आटे छान जातं आणि मग घट्ट होतं. पाना लावून पुढे दामटलं तर भोकाचे आटे गेले म्हणून समजा. गेजची नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब बांधा. नायलॉनची नळी वितळली तर गरम तेल थेट आगीच्या जागी पडतं.

आता गाडी नीट तापू द्या. पाण्याचा काटा पाच-सात मिनिटांत मध्यावर येतो, तेलाला तेवढं तापायला चांगली वीस मिनिटं चालवावी लागते. पाण्याचा काटा बघून घेतलेलं ‘गरम’ रीडिंग बहुतेक वेळा कोमटच असतं. तीन आकडे लिहून ठेवा: थंड असताना आयडलला (रेस न देता), पूर्ण गरम असताना आयडलला आणि गरम असताना ३००० आरपीएमला. तुमच्या इंजिनाचं मॅन्युअल मिळालं तर त्यातला आकडा प्रमाण. नाहीच मिळालं तर दर १००० आरपीएममागे सुमारे ०.७ किलो (१० पीएसआय) हा जुना हिशेब कामाला येतो. आयडलला ०.७ च्या वर आणि ३००० ला ३ किलोच्या आसपास असेल तर इंजिन उतरवायचं नाव काढू नका.

दिवा ज्या स्थितीत लुकलुकायचा त्याच स्थितीत गेज १ किलोच्या वर असेल तर दोष स्विचचा किंवा वायरचा. हा स्विच एका वायरचा असतो, अर्थिंग तो बॉडीतून घेतो. स्विच परत लावून, दिवा लागलेला असताना वायर काढा. दिवा विझला तर वायर चांगली आहे. तरीही जळत राहिला तर वायर कुठेतरी सोलून बॉडीला टेकली आहे. इंजिन चढवताना ती ब्रॅकेटखाली चेपण्याची शक्यता भरपूर.

गरम आयडलला खरंच प्रेशर पडत असेल आणि ३००० ला बरं असेल, तर आधी आयडलच बघा. कार्ब्युरेटर खोलून बसवल्यावर स्लो ८५०-९०० ऐवजी ६०० वर राहिला असेल, तर पंपही तेवढाच हळू फिरतो. स्क्रू अर्धा फेरा फिरवून जे प्रकरण मिटतं त्यासाठी लोक पंप विकत घेतात. मग तेल बघा: कुठल्या ग्रेडचं, किती, आणि कोणी भरलं. दुकानदाराने ‘नवीन गाड्यांना हेच चालतं’ म्हणून ५डब्ल्यू-३० दिलं असेल, तर ते या जुन्या बांधणीच्या इंजिनात मे महिन्याच्या दुपारी पातळ पडणारच. फिल्टरही बदलून बघा.

एवढं करूनही आकडा तोच राहिला तर चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) खाली घ्या. याला इंजिन उतरवावं लागत नाही. चेंबर निघाल्यावर लगेच पुसू नका, आधी पंप जिथून तेल ओढतो त्या जाळीकडे टॉर्च मारा. पॅकिंगऐवजी किंवा पॅकिंगवर सिलिकॉन चोपडलेलं असेल, तर फ्लँज कसताना जेवढं बाहेर येतं तेवढंच आतही जातं. आतली ती लाल-करडी शेवयांसारखी वळी सुटून तेलात पडते आणि जाळीवर जाऊन बसते. अशा गाडीत एक ठरलेली खूण दिसते: प्रेशर सुरुवातीला चांगलं, वेगात दहा-पंधरा मिनिटं चालवलं की हळूहळू पडतं, आणि गाडी बंद करून थोड्या वेळाने चालू केली की पुन्हा चांगलं, कारण बंद असताना शेवया जाळीवरून गळून पडतात. सिलिकॉनची रेघ दोन-तीन मिलिमीटरची पुरते, तीही बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. टूथपेस्टसारखी पिळायची नसते.

जाळीची नळी पंपाला किंवा ब्लॉकला जिथे जोडते तिथला ओ-रिंग बघा. तो जुना, कडक झालेला किंवा बसवताना कापला गेलेला असेल तर पंप तेलाबरोबर हवाही ओढतो. तेव्हा गेजचा काटा स्थिर राहत नाही, थरथरतो.

आता बेअरिंग. पंप तेल ढकलतो आणि ते तेल फटीतून निसटायला जितकं अडतं, तितकं प्रेशर दिसतं. केळीच्या बागेत ठिबकच्या नळीची चार-पाच बटणं निघून पडली की शेवटच्या झाडांना थेंबही पोचत नाही. तेव्हा विहिरीवरच्या मोटारीला कोणी दोष देत नाही. इथेही तसंच आहे. आणि फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट होऊन थांबत नाही, फटीच्या घनाने वाढते. ०.०४ मिलिमीटरची फट ०.०८ झाली की त्या बेअरिंगमधून आठपट तेल सांडतं. म्हणून ‘शतांशाने काय होतंय’ हे वाक्य इंजिनकामात चालत नाही.

मोजायला हिरवं प्लास्टिगेज घ्या, ते ०.०२५ ते ०.०७६ मिमी दाखवतं. बिग एंडची (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाची) कॅप काढा, जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा क्रँकचा गोल भाग) आणि बेअरिंग कोरडं पुसा, मेणाची ती तार जर्नलच्या रुंदीइतकी कापून लांबीच्या दिशेने ठेवा, कॅप पूर्ण टॉर्कला कसा. क्रँक अजिबात फिरवायची नाही. कॅप परत काढून चपटलेल्या तारेची रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी लावा. एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद दिसली तर जर्नल निमुळता आहे. मेन बेअरिंग गाडीखालून मोजताना क्रँक स्वतःच्या वजनाने खाली बसलेली असते, म्हणून आकडा फसवतो. शेजारच्या काउंटरवेटखाली लाकूड ठेवून जॅकने क्रँक हलकेच वर दाबून धरा आणि मग मोजा. एवढ्या छोट्या इंजिनात ०.०२ ते ०.०५ मिमी चांगलं. ०.०८ ला पोचलं असेल तर दिव्याचं कारण सापडलं.

ग्राइंडिंग करून, नवी बेअरिंग टाकून असं कसं होईल? दोन रस्ते आहेत. एक, ग्राइंडिंगवाल्याने ०.२५ च्या पुढे जरा जास्त घेतलं. दुसरा, बेअरिंग दुसऱ्याच साइजची आली. बेअरिंगच्या पाठीवर साइज छापलेली असते, ती बसवण्याआधी वाचायची. क्रँक परत घेताना प्रत्येक जर्नलचं मायक्रोमीटरचं माप कागदावर लिहून मागा, आडवं-उभं आणि दोन्ही टोकांना. त्यात शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको.

पंप मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. या इंजिनात तो क्रँकच्या पुढच्या टोकावर असतो, त्यामुळे बदलायला टायमिंग बेल्ट, पुली, सगळं उतरवावं लागतं. उतरवलाच तर सरळ पट्टी ठेवून रोटर आणि पट्टीमधली फट फिलर गेजने मोजा. ०.१५ मिमीच्या पुढे असेल तर पंप गेला. कव्हरवर रोटरने गोल खाच पाडली असेल तर नुसते रोटर बदलून भागत नाही. त्याच पंपात जास्तीचं प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व असतो. त्याचा प्लंजर बोटाने दाबला की सुळकन परत आला पाहिजे. बोरचा एक बारीक कीस त्यात अडकला तर व्हॉल्व उघडाच राहतो आणि ३००० काय, ५००० लाही प्रेशर दीड किलोच्या पुढे जात नाही. जाता जाता रॉकर शाफ्टही हलवून बघा. खालचं सगळं नवं करून वर जुनेच शाफ्ट ठेवले जातात, आणि तिथूनही तेल निसटतंच.

प्रश्न: सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर दिवा सहा-सात सेकंद राहतो, मग जातो. दिवसभर पुन्हा लागत नाही. इंजिनकामानंतर सुरू झालं.
— नंदुरबार

फिल्टर बदला. आत रबराची एक चकती असते, तिच्यामुळे रात्री फिल्टरमधलं तेल खाली उतरत नाही. हलक्या फिल्टरमध्ये ती कडक होते किंवा नीट बसतच नाही. दोन-तीन सेकंद ठीक, सहा-सात नकोत, कारण तेवढा वेळ बेअरिंग कालच्या ओलाव्यावर फिरतात.

प्रश्न: डिझेल जीपचं फुल इंजिन काम केलं. तेल पूर्ण भरलं, पण सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली तरी गेजचा काटा हलत नाही. इंजिन चालू करून रेस दिली तर प्रेशर येईल असं म्हणतात. करू का?
— मिस्त्री, शहादा

नका करू. नव्या बेअरिंगना लावताना जे तेल बोटाने लावलं होतं त्याच्यावरच ते इंजिन रेस होईल. कोरडा पंप हवा फिरवत राहतो, त्याला खालून तेल वर ओढता येत नाही. आधी त्याला ओला करावा लागतो.

पंप अजून हाताशी असेल तर कव्हर काढून गिअरच्या पोकळ्या व्हॅसलिनने गच्च भरा. ग्रीस भरू नका. व्हॅसलिन गरम तेलात विरघळून जातं, ग्रीसचे गोळे मात्र फिल्टरपर्यंत जाऊन बसतात. इंजिन बंद करून झालं असेल तर प्रेशर स्विचच्या भोकातून गॅलरीत (ब्लॉकमधल्या तेलाच्या मुख्य वाटेत) तेल भरायचं. त्यासाठी खानदेशात घरोघरी दिसणारी वस्तू चालते: हाताने हवा भरायचा दोन-पाच लिटरचा फवारणी पंप. मात्र नवाकोरा हवा, औषध मारलेला कितीही धुतला तरी नको. नोझल काढून नळी अडॅप्टरला क्लिपने कसा, टाकीत इंजिनात भरणार तेच तेल जरा कोमट करून ओता आणि हवा भरा. दुसऱ्या माणसाने पुलीच्या बोल्टवर पाना लावून क्रँक दोन पूर्ण फेरे हळू फिरवावी, म्हणजे क्रँकमधली भोकं आळीपाळीने बेअरिंगच्या भोकांसमोर येतात. व्हॉल्व कव्हर काढून ठेवा. प्रत्येक रॉकरजवळ तेल आलं की गॅलरी भरली.

मग डिझेल बंद ठेवून (सोलेनॉइडची वायर काढून किंवा स्टॉप केबल ओढून धरून) सेल्फ १०-१५ सेकंद मारा, मिनिटभर थांबा, पुन्हा मारा. चार-पाच वेळात काटा उठायला हवा.

तरीही नाही उठला तर बहुतेक काहीतरी बसवायचं राहिलं आहे. ब्लॉक धुताना गॅलरीचे प्लग काढतात आणि टायमिंग कव्हरमागचा किंवा फ्लायव्हीलमागचा एखादा परत लावायचाच राहतो. तेल सरळ चेंबरमध्ये पडतं, बाहेर टिपूसही दिसत नाही. पंपाचं पॅकिंग उलटं बसून भोक झाकलं जाणं, पंपाचा शाफ्ट दात्यात न बसणं, पंपाची चावी विसरणं, हेही होतं. टर्बो डिझेलमध्ये पिस्टनखाली तेल मारणारे नोझल असतात. त्यातला एक जरी लागला नाही तर ते भोक म्हणजे उघडा नळ.

शोधायची रीत अशी: चेंबर खाली, फवारणी पंप गॅलरीला जोडलेला, खाली स्वच्छ ट्रे आणि हातात टॉर्च. पंपात हवा भरून खाली वाकून बघायचं. प्रत्येक बेअरिंगच्या दोन्ही कडांतून तेल थेंबाथेंबाने पडलं पाहिजे, सगळीकडे साधारण सारखं. एका ठिकाणी थेंबांची धार लागली असेल तर तिथली फट जास्त आहे. जाड धार असेल तर प्लग नाही किंवा नोझल नाही. आणि एखाद्या बेअरिंगमधून काहीच पडत नसेल, क्रँक फिरवूनही, तर तिथलं भोक बंद आहे. ते गळतीपेक्षा वाईट.

प्रश्न: आमच्याकडे दुकानदाराने प्रेशर वाढवायला २०डब्ल्यू-५० आणि वर एक घट्ट ‘ट्रीटमेंट’ची बाटली टाकायला दिली. दिवा गेला. आता काळजी नाही ना?
— सावदा

दिवा गेला, कारण स्विच फसला. १०० अंशाला ४० ग्रेडच्या तेलाचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स असतो, ५० चा १६.३ ते २१.९. दाट तेल त्याच फटीतून कमी निसटतं, म्हणून काटा वर जातो. फट मात्र होती तेवढीच आहे. जुन्या बांधणीच्या, किलोमीटर झालेल्या इंजिनात भुसावळ-रावेरच्या उन्हाळ्यात २०डब्ल्यू-५० वापरायला आमची हरकत नाही, गरम प्रेशर मोजून ठीक आढळलं असेल तर. पण नुकत्याच काम झालेल्या इंजिनाला ते लागत असेल, तर कामात काहीतरी चुकलं आहे आणि गॅरेजवाल्याकडे परत जायची हीच वेळ आहे. हायड्रॉलिक टॅपेट किंवा व्हेरिएबल टायमिंग असलेल्या नव्या गाडीत तर कंपनीने सांगितलेल्या ग्रेडबाहेर जाऊच नका. बाटलीबद्दल: ती ओतून गाडी विकणारेही असतात, हे जुनी गाडी घेताना ध्यानात ठेवा.

प्रश्न: चाळीसगावहून कन्नड घाट चढताना वळणावर दिवा क्षणभर लागतो. सपाटीला कधीच नाही. पट्टीवर तेल बरोबर दिसतं.
— चाळीसगाव

पट्टीवर विश्वास ठेवण्याआधी ती पट्टी याच इंजिनाची आहे का बघा. इंजिनकामात पट्ट्यांची अदलाबदल होते, पट्टीची नळी कमी-जास्त ठोकली जाते. तेल पूर्ण काढा, नवा फिल्टर लावा, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं माप मोजून भरा, मिनिटभर चालवा, बंद करून पाच मिनिटं थांबा आणि सपाट जागी पट्टी बघा. तेल जिथे आलं तीच खरी वरची खूण. ती जुन्या खुणेच्या वर असेल तर आजवर तुम्ही कमी तेलावर घाट चढत होता. चढावर तेल चेंबरच्या मागे सरकतं, वळणावर बाजूला, आणि जाळी हवेत राहते.

माप बरोबर निघालं तर चेंबर काढा. आतला तेल अडवणारा पत्रा परत लावलाय का? चेंबरला खालून दगड लागून पोचा आला आहे का? पोचा आत आला की जाळी बुडाशी टेकते आणि पंपाची वाट अडते. मोजायला कणकेचा गोळा पुरतो: जाळीवर ठेवा, चेंबर पॅकिंगसकट हाताने लावा, परत काढा, दबलेल्या कणकेची जाडी मोजा. साधारण ६ ते १० मिलिमीटर ठीक. कणीक पूर्ण काढून टाकायला विसरू नका!

आणि उपाय म्हणून अर्धा लिटर जास्त तेल भरू नका. क्रँक ते घुसळते, ताकासारखा फेस होतो आणि फेसाने प्रेशर धरत नाही.

प्रश्न: एका गाडीत बिग एंडची बेअरिंग दोनदा गेली, दोन्ही वेळा दीड हजार किलोमीटरच्या आत. प्रेशर दोन्ही वेळा ३.५ किलो होतं, दिवा कधीच लागला नाही. माल चांगल्या कंपनीचा आहे. चूक कुठे होत असेल?
— मिस्त्री, धुळे

या पानावरचा सगळ्यात मोलाचा प्रश्न. गेज गॅलरीतलं प्रेशर दाखवतो, प्रत्येक बेअरिंगपर्यंत तेल पोचलं की नाही ते दाखवत नाही. उलट एखादं भोक बुजलं असेल तर गळती कमी होऊन काटा किंचित वरच राहतो.

गेलेली बेअरिंग फेकली नसतील तर ती समोर मांडा, क्रमाने. प्रत्येक वेळी तोच नंबर गेला असेल तर त्या जर्नलच्या भोकाची चौकशी. सगळ्यांवर गोल गोल चरे असतील तर कचरा. फक्त एका कडेला चकाकी असेल तर जर्नलच्या कोपऱ्याची गोलाई ग्राइंडिंगमध्ये जास्त राहिली आहे आणि बेअरिंग तिच्यावर चढतंय, किंवा रॉड वाकलेला आहे. वरचा थर घासून तांब्याचा रंग दिसत असेल आणि चरे नसतील तर तेलाची उपासमार. पाठ उलटी करून बघा. पाठीवर एक चकाकता ठिपका आणि त्याच्या बरोबर समोर आतल्या बाजूला घासलेली जागा असेल, तर मध्ये कीस राहिला होता.

दीड हजारात दोनदा म्हटल्यावर आमचा पहिला संशय क्रँकमधल्या तिरप्या भोकांवर आहे. पहिल्या बिघाडाचा चुरा आणि ग्राइंडिंगची भुकटी तिथे दडून बसते, नुसत्या हवेने निघत नाही. भोकांच्या तोंडाला प्लग असतील तर ते काढा. बाटली धुण्याच्या बारीक नायलॉन ब्रशने गरम साबणाच्या पाण्यात प्रत्येक भोक आरपार घासा, मग हवा, मग तेल. भोकाच्या तोंडाची धार ग्राइंडिंगनंतर मोडलीय का तेही बघा. धारदार राहिली तर ती बेअरिंगला रंध्यासारखी तासते.

ब्लॉकचंही तेच. होनिंगनंतर (बोर दगडाने घासल्यावर) डिझेलने किंवा रॉकेलने धुतलं की दगडाची भुकटी रेषांत आणखी खोल बसते. कपडे धुण्याची पावडर, गरम पाणी आणि ब्रश. पांढरा कपडा बोरमध्ये फिरवून पांढराच बाहेर येईपर्यंत धुवायचं, मग लगेच तेल लावायचं, नाहीतर काही मिनिटांत गंज धरतो. पुसायला कॉटन वेस्ट वापरू नका. कापसाच्या मुलखात हे सांगणं विचित्र वाटेल, पण त्याचे धागे रिलीफ व्हॉल्वपर्यंत जातात. जुन्या धुतलेल्या धोतराचा तुकडा बरा.

बसवताना तीन गोष्टी. बेअरिंगच्या दोन भागांपैकी ज्याला भोक आहे तो भोकासमोरच गेला पाहिजे. मेन बेअरिंगमध्ये हा भाग खाली कॅपमध्ये गेला तर त्या जर्नलला तेलच नाही. कॅप नंबराने आणि त्याच तोंडाने बसल्या पाहिजेत, कारण बोर कॅपसकट केलेलं असतं. आणि टॉर्क पान्यावरचं एकक वाचा. ३५ न्यूटन-मीटर म्हणजे २६ फूट-पाउंड. पान्याची फूट-पाउंडाची बाजू धरून ३५ ला कसलं तर ४७ न्यूटन-मीटर होतात, बोल्ट ताणला जातो आणि कॅपचा गोल बिघडतो. जुने ताणलेले रॉड बोल्ट परत वापरत असाल तर तेही थांबवा.

एक विसरली जाणारी जागा राहिली: ऑइल कूलर. पहिल्यांदा बेअरिंग गेलं तेव्हाचा चुरा कूलरमध्ये आणि त्याच्या नळ्यांत आहे. तो न धुता दुसरं इंजिनकाम केलं तर तिसऱ्याची तयारी झाली. डिझेल गाडी असेल तर कूलर धुण्यापेक्षा बदललेला परवडतो. नव्या कामानंतर पहिल्या ५०० किलोमीटरला तेल-फिल्टर बदला आणि काढलेला फिल्टर कापून, कागद उलगडून उन्हात बघा. थोडी बारीक चमक नव्या इंजिनात असते. बोटाला लागतील असे कण किंवा तांब्याची झाक दिसली तर गाडी पुढे चालवू नका.

प्रश्न: इंजिनकामानंतर तेल कमी व्हायच्या ऐवजी पट्टीवर वाढतंय. दिवा आता गरम झाल्यावर लागायला लागलाय. जुनी पेट्रोल गाडी आहे.
— अमळनेर

पट्टी नाकाला लावा. पेट्रोलचा वास आला तर इंजिनावर बसलेल्या मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा पडदा फाटला आहे. इंजिनकामात जुनाच पंप परत लावला असणार. पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं, तेल पातळ होतं आणि प्रेशर पडतं. पट्टीवरचा एक थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर टाका: चांगल्या तेलाचा डाग आटोपशीर राहतो, पेट्रोल मिसळलेल्याचा भोवती फिक्कट गोल झरझर पसरतो. काडी पेटवून तपासायचा प्रकार कोणी सुचवला तर त्याला आधी गॅरेजबाहेर काढा. तेल ताकासारखं पांढरट दिसत असेल तर पेट्रोल नव्हे, पाणी आहे. मग हेड पॅकिंग, हेडची सपाटी आणि ब्लॉकची वेल्च प्लग तपासायची.

दोन्ही बाबतीत गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, ओढून न्या. पंपाचा पडदा किंवा पूर्ण पंप बदला, तेल आणि फिल्टर दोन्ही टाकून द्या, नवं भरून अर्धा तास चालवा आणि गरम प्रेशर मोजा. आकडा जागेवर आला तर बेअरिंग वाचली. नाही आला तर जामनेरच्या वाचकाला दिलेलं उत्तर चेंबर काढण्यापासून पुढे वाचा.